कानाने कापलेला सिनेमा

स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'द शायनिंग'चा १९८० सालचा पहिला ट्रेलर आजही शोधून पाहावा, कारण त्यात एकही कट नाही. हॉटेलमधल्या लिफ्टची लाल दारं, समोर न हलणारा कॅमेरा आणि पडद्यावर खालून वर सरकत जाणारी नावं, बस्स. कुणी येत नाही, कुणी बोलत नाही. मात्र पहिल्या क्षणापासून एक घुसमटलेला, किरकिरणारा आवाज मागे सुरू असतो. वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्काइंड यांनी तो या ट्रेलरसाठी रचला होता. नावं संपत येतात तसा तो चढत जातो, आणि मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा फुटून थेट कॅमेऱ्यावर येतो. आपण रक्ताला घाबरलो असं आपल्याला वाटतं. हाच ट्रेलर आवाज बंद करून पाहा. लाल पाणी, संथ गतीत. एखाद्या रंगाच्या कंपनीची जाहिरात म्हणूनही खपेल.

पंचवीस वर्षांनी, २००५ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट रायँग या तरुण सहायक संकलकाने त्याच सिनेमाचा दुसरा ट्रेलर कापला. संकलकांच्या संघटनेने एक स्पर्धा ठेवली होती: कुठलाही जुना सिनेमा घ्या आणि तो भलत्याच जातीचा वाटेल असा ट्रेलर बनवा. रायँगने 'द शायनिंग'ची कौटुंबिक विनोदी फिल्म करून टाकली. प्रतिभा आटलेला लेखक, वडिलांच्या मायेला भुकेलेला पोरगा, डोंगरातलं मोठं हॉटेल. निवेदकाचा लाघवी आवाज, आणि शेवटाकडे पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' हे प्रसन्न गाणं. चित्रीकरण सगळं क्युब्रिकचंच. कुऱ्हाड घेऊन बायकोपोराच्या मागे धावणारा जॅक निकल्सन या ट्रेलरमध्ये जरा चिडका पण मनाने चांगला बाप वाटतो. यूट्यूब तेव्हा नुकतंच जन्मलं होतं, तरी हा तुकडा जगभर फिरला आणि ट्रेलरचा धंदा नेमका कसा चालतो हे सामान्य प्रेक्षकाला दीड-दोन मिनिटांत कळलं.

चित्रं तीच असताना बाप खुनीही होतो आणि मायाळूही. मधे काय बदललं? मुख्यतः आपण काय ऐकलं ते. ट्रेलर डोळ्यांसाठी असतो हा आपला समज बराचसा चुकीचा आहे. तो कापला जातो कानाने. अनुभवी ट्रेलर-संकलक पुष्कळदा आधी संवादांचे तुकडे वेचतो, त्यांच्याखाली संगीताचा पट्टा अंथरतो, आणि मग त्यावर चित्रं बसवत जातो. सिनेमा कापताना साधारणपणे क्रम उलटा असतो: आधी दृश्य, मग त्याला साजेसं पार्श्वसंगीत.

याला कारण आहे. सिनेमातलं एक दृश्य एका जागी घडतं, माणसं तीच असतात, उजेड तोच असतो, त्यामुळे कट कितीही मारले तरी प्रेक्षक हरवत नाही. ट्रेलरमध्ये मात्र दोन-अडीच मिनिटांत सबंध सिनेमातल्या शंभर-सव्वाशे जागांवरून तुकडे येतात: रात्र, लगेच दुपार, लगेच समुद्र, लगेच इस्पितळ. हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे ही खात्री चित्र देऊ शकत नाही. ती देतं खालून अखंड वाहणारं संगीत. शिवाय कान डोळ्यापेक्षा चपळ आहे. अचानक झालेल्या आवाजाला माणूस अचानक चमकलेल्या उजेडापेक्षा सेकंदाच्या काही शतांश भागाने लवकर प्रतिसाद देतो. एवढासा फरक रस्ता ओलांडताना कामाचा नसेल, पण पाव सेकंदाच्या शॉटमध्ये तो खूप मोठा असतो.

हिशेबच करू. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. मिनिटाला १२० ठोके असलेलं संगीत घेतलं, तर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे १२ चौकटी. लय दुप्पट केली की ६. ट्रेलरच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे स्फोट, धावाधाव, मिठ्या, अश्रू एकमेकांवर कोसळतात, तिथे कित्येक शॉट या सहा-आठ चौकटींचेच असतात. एवढ्या वेळात डोळ्याला चेहरा ओळखता येतो, प्रसंग समजत नाही. तरीही काहीतरी मोठं घडतंय असं वाटतं, कारण प्रत्येक कट ठोक्यावर पडलेला असतो. आवाज आणि चित्र एकाच क्षणी आले की मेंदू त्यांची गाठ बांधून टाकतो, मग प्रत्यक्षात त्यांचा संबंध असो वा नसो. मिशेल शियों या फ्रेंच अभ्यासकाने सिनेमातल्या या गाठीचा बराच विचार केला आहे. दार बंद होताना तोफेचा आवाज घातला, तर आपल्याला दारच तोफेसारखं वाजलं असं वाटतं; तोफ कुठून आली असं कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे कळायला खरं तर सोपं जावं. तबलजी तिहाई घेतो तेव्हा एकच बोल तीनदा वाजतो, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर येऊन पडतो. कधी येणार ते ठाऊक असतं, तरी तो पडला की मान आपोआप हलते. बहुतेक ट्रेलरांचा उत्तरार्ध असाच बांधलेला असतो. धाड, काळा पडदा, एक शब्द. धाड, काळा पडदा, दुसरा शब्द. मग तिसरी धाड आणि सिनेमाचं नाव. फरक एवढाच की तबलजीने त्याआधी अर्धा तास ताल उभा केलेला असतो. ट्रेलरवाल्याला तेवढी उसंत नसते, म्हणून तो ढोल मोठा घेतो.

आता संवाद. ट्रेलरमधली सगळ्यात बेमालूम लबाडी इथे चालते. समजा, सिनेमात एक बाई सकाळी दूधवाल्याला सहज विचारते, "आज एवढा उशीर?" दुसऱ्या एका प्रसंगात रात्री दार उघडतं आणि उंबऱ्यात कुणीतरी उभं आहे. पहिल्या प्रसंगातला आवाज उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवला, त्याखाली एक मंद घरघर सोडली, की दूधवाल्याचा प्रसंग भयपट होतो. बाईचं तोंड दाखवायचं नाही, एवढीच काळजी घ्यायची. म्हणूनच ट्रेलरमध्ये बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचे चेहरे जास्त दिसतात. ओठ दिसले नाहीत की कुठलंही वाक्य कुणाच्याही तोंडी घालता येतं. दोन वाक्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून तिसरं वाक्यही घडवता येतं. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आणि चित्र मागून, ही क्लृप्ती सिनेमातही असते. ट्रेलर तर तिच्यावरच उभा असतो. आवाज ऐकू येतो, आपण कोण बोललं म्हणून शोधू लागतो, आणि तेवढ्या वेळात चित्र तीनदा बदललेलं असतं.

संगीताची गोष्ट जरा वेगळी आहे. ट्रेलर सिनेमाच्या आधी येतो, कधी सहा महिने, कधी वर्षभर. तेव्हा मूळ पार्श्वसंगीत पुष्कळदा लिहूनही झालेलं नसतं. मग उसनवारी करावी लागते. जेम्स हॉर्नरने 'एलियन्स'साठी (१९८६) केलेला एक तुकडा पुढे कितीतरी परक्या सिनेमांच्या ट्रेलरांत वाजला. क्लिंट मॅन्सेलने 'रेक्विएम फॉर अ ड्रीम' (२०००) या व्यसनांवरच्या अस्वस्थ, छोटेखानी सिनेमासाठी लिहिलेली धून मोठ्या वाद्यवृंदात आणि समूहस्वरांत नव्याने बांधून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागाच्या ट्रेलरला लावली गेली. ती त्या ट्रेलरवर इतकी चपखल बसली की अनेकांना ती त्याच सिनेमाची वाटते; प्रत्यक्ष सिनेमात ती नाही. ही गरज ओळखून केवळ ट्रेलरसाठी संगीत करणाऱ्या कंपन्या निघाल्या. 'टू स्टेप्स फ्रॉम हेल' ही २००६ मध्ये सुरू झालेली जोडगोळी त्यांतली सगळ्यात गाजलेली. सुरुवातीची काही वर्षं त्यांचं संगीत दुकानात मिळतच नसे, ते फक्त स्टुडिओंना विकलं जाई. लोकांनी ते ट्रेलरांतून ऐकलं, आवडलं म्हणून मागे लागले, आणि २०१० मध्ये 'इन्व्हिन्सिबल' हा अल्बम सर्वसामान्यांसाठी निघाला. सिनेमाच नसलेलं सिनेसंगीत म्हणायला हवं.

त्याच वर्षी क्रिस्टोफर नोलनचा 'इन्सेप्शन' आला आणि त्याच्या ट्रेलरांतून तो भोंगा आला. पितळी वाद्यांचा खोल, लांबट, फाटल्यासारखा गर्जणारा एकच स्वर. इंग्रजीत त्याला 'ब्रॅम' असं त्याच्याच आवाजावरून नाव पडलं. सिनेमाचा संगीतकार हान्स झिमर, पण वेगवेगळ्या ट्रेलरांसाठी माइक झॅरिन आणि झॅक हेम्सी यांनीही संगीत केलं होतं, आणि भोंग्याचं पितृत्व कुणाचं यावर पुढे बरीच चर्चा झाली. बाप कुणीही असो, पोरं मात्र अमाप झाली. पुढची काही वर्षं पडद्यावर एखादी इमारत कोसळली, परग्रहावरून यान उतरलं किंवा नायकाने नुसता गॉगल काढला तरी भोंगा वाजायचा. आपल्याकडच्या पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांच्या ट्रेलरांतही तो शिरला आहे. तलवार म्यानातून निघताना न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती कोसळल्यासारखा आवाज का यावा, हे मला आजवर कळलेलं नाही.

तशीच दुसरी साथ संथ गाण्यांची. २०१० मध्ये 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरला मार्क वुलेनच्या कंपनीने रेडिओहेड या बँडचं 'क्रीप' हे गाणं लावलं, पण मूळ आवाजात नाही, तर बेल्जियममधल्या मुलींच्या एका गायनवृंदाने पियानोच्या साथीवर हळुवार गायलेलं. फेसबुकची स्थापना या रुक्ष विषयावरच्या सिनेमाला त्यामुळे एकटेपणाची किनार मिळाली. ते काम अस्सल होतं. पुढे जो तो एखादं नाचरं जुनं गाणं घेऊन कुजबुजत्या आवाजात, मरगळलेल्या लयीत ट्रेलरला लावू लागला, आणि दहा वर्षांत त्या युक्तीचा चोथा झाला.

याच वुलेनचं मला अधिक आवडणारं काम म्हणजे कोएन बंधूंच्या 'अ सीरियस मॅन'चा (२००९) ट्रेलर. त्यात एका माणसाचं डोकं फळ्यावर आपटलं जातं. तो आवाज पुन्हा, पुन्हा, पुन्हा येतो आणि तोच ठेका बनतो. मग त्यावर कुणाचा खोकला, कुणाची हाक अशा सिनेमातल्याच किरकोळ आवाजांची वीण चढत जाते. ढोल नाही, भोंगा नाही. छळल्या जाणाऱ्या एका सज्जन माणसाची गोष्ट आहे हे निवेदकाशिवाय पोचतं आणि त्यात हसूही येतं. त्याआधी 'लिटल चिल्ड्रन'च्या (२००६) ट्रेलरमध्ये त्यांनी संगीताऐवजी आगगाडीचा आवाज वापरला होता. उपनगरातली सुखवस्तू घरं, खेळणारी मुलं, दोन विवाहित माणसांची चोरटी नजरानजर, आणि लांबून जवळ येत जाणारी गाडी. गाडी कधी आदळणार याची वाट आपण पाहत राहतो. वाढत जाणारा आवाज म्हणजे काहीतरी अंगावर येतंय, ही खूणगाठ जनावरांच्याही मेंदूत पक्की असते. संकलकांच्या पेटीतला 'रायझर' नावाचा चढत जाणारा सूर याच खुणेवर चालतो; आगगाडीने तेच काम केलं, पण आपल्या जगातल्या आवाजाने.

चढलेला आवाज अचानक तोडला की काय होतं, याचा धडा १९७९ च्या 'एलियन'च्या ट्रेलरने घालून दिला. त्यात संवाद नाही, निवेदन नाही. एक अंडं तडकतं, आणि मग सायरन आणि किंकाळी यांच्या मधला एक आवाज ठरावीक अंतराने येत राहतो. माणसं पळतात, दिवे लुकलुकतात, आवाज असह्य होतो आणि खाडकन थांबतो. काळं अंतराळ, पूर्ण शांतता आणि पडद्यावर एक ओळ: अंतराळात तुमची किंकाळी कुणाला ऐकू जात नाही. ओळ अर्थाने जे सांगते तेच ट्रेलरने त्याआधी कानाला करून दाखवलेलं असतं.

शांततेला पुढे एक व्यावहारिक किंमतही आली. १९९० च्या दशकात ट्रेलर इतके कर्कश झाले की अमेरिकेत प्रेक्षक तक्रारी करू लागले. थिएटरवाले ट्रेलरच्या वेळी आवाज खाली ओढत, आणि मग मुख्य सिनेमाही तसाच दबक्या आवाजात चालत राही. नुकसान सिनेमाचं. म्हणून त्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओंनी स्वतःहून एक मर्यादा मान्य केली, आणि पुढे ती ८५ डेसिबलवर स्थिरावली. पण ती मोजली जाते संपूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर, एखाद्या दणक्यावर नाही. संकलकांनी यातली वाट लगेच ओळखली. मधले काही सेकंद कुजबुजीत किंवा शांततेत काढले की शेवटच्या दणक्याला थोडी जागा सुटते. ट्रेलरमध्ये ऐन भरात सगळं थांबतं, कुणीतरी हळू आवाजात एकच वाक्य बोलतं आणि मग आभाळ फाटतं, त्यात नाट्य तर आहेच, थोडी काटकसरही आहे.

निवेदक या सगळ्यात हळूहळू मागे पडला. अमेरिकेत डॉन लाफाँटेन या एका माणसाच्या खर्जातल्या आवाजाने १९६० च्या दशकापासून हजारो ट्रेलर बोलले. 'एका अशा जगात' अशा अर्थाची त्याची सुरुवात विनोदाचा विषय झाली होती. २००८ मध्ये तो गेला, तोवर निवेदनाची पद्धतही ओसरत आली होती. आपल्याकडे या जागी अमीन सयानी आठवतात. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि पुढे नव्या सिनेमांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागू लागले. गाण्याचा एक अंतरा, नायक-खलनायकाचे दोन संवाद, दाराची करकर, आणि मधे सयानींचा तो हसरा, कुतूहल चाळवणारा आवाज. चित्र अजिबात नाही. म्हणजे ट्रेलर नुसत्या कानावर चालतो हे आपल्या दोन पिढ्यांनी रेडिओशेजारी बसून अनुभवलं आहे. 'शोले'च्या बाबतीत तर पॉलिडोरने गाण्यांबरोबर संवादांचीही तबकडी काढली, आणि गब्बर पानपट्टीच्या दुकानांतून बोलू लागला. हिंदी आणि मराठी ट्रेलर आजही संवादाला घट्ट धरून असतात याचं मूळ मला इथे दिसतं. आपला प्रेक्षक थिएटरात जाताना एक वाक्य तोंडात घोळवत जातो.

मोबाइलने मात्र या कलेची थोडी पंचाईत केली आहे. समाजमाध्यमांवर चित्रफीत आपोआप सुरू होते ती बऱ्याचदा मुकी. बसमध्ये, कचेरीत, रात्री शेजारी मूल झोपलेलं असताना कुणी आवाज चालू करत नाही. म्हणून पडद्यावर मोठी अक्षरं आली. बोट सरकायच्या आत माणूस पकडायचा म्हणून २०१६ च्या 'जेसन बोर्न'पासून ट्रेलरच्या आधी पाच सेकंदांचा ट्रेलर लावायची टूम निघाली, ट्रेलरचीच जाहिरात. आधी चढाव, मग दणका, ही सगळी शिस्त त्यात धाब्यावर बसते. आधीच दणका, मग विचारतात, पाहता का पुढे?

एवढं सगळं करून प्रेक्षक थिएटरात आला आणि त्याला वेगळंच काही मिळालं, तर? 'यस्टरडे' (२०१९) या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये अभिनेत्री आना दे आर्मास दिसते, सिनेमात ती नाही. दोन अमेरिकन प्रेक्षकांनी दावा लावला. २०२२ मध्ये न्यायाधीशांनी ट्रेलर ही जाहिरातच असल्याने खोट्या जाहिरातीचा कायदा तिला लागू होऊ शकतो असं म्हटलं. पुढे तो दावा टिकला नाही.

आपल्याकडचा खटला औरंगाबादचा आहे. शाहरुख खानच्या 'फॅन'ची (२०१६) जाहिरात 'जबरा फॅन' या गाण्याने गाजवली होती. गाण्याच्या निरनिराळ्या भाषांतल्या आवृत्त्या निघाल्या, मराठीतली अवधूत गुप्ते यांच्या आवाजात. औरंगाबादच्या एका महिला प्रेक्षक घरच्यांना घेऊन सिनेमाला गेल्या, आणि सिनेमात गाणंच नाही. मुलांचा हिरमोड झाला, त्या रात्री ती जेवली नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य ग्राहक आयोगाने मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला, आणि राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. प्रकरण पोचलं थेट सर्वोच्च न्यायालयात. २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने हे आदेश रद्द केले. ट्रेलर म्हणजे करारासाठी ठेवलेला प्रस्ताव नाही, त्यात दाखवलं ते सिनेमात असेलच असं वचन त्यातून निघत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

या दोन्ही खटल्यांत बोट ठेवायला काहीतरी होतं: एक नटी, एक गाणं. २०११ मध्ये मिशिगनमधल्या एका प्रेक्षक महिलेची 'ड्राइव्ह'बद्दलची तक्रार याहून अवघड होती. ट्रेलर पाहून तिला गाड्यांच्या शर्यतींचा धडाकेबाज सिनेमा अपेक्षित होता, आणि मिळाला तो संथ, अबोल, मधूनच रक्तबंबाळ होणारा. तिचा दावा खालच्या कोर्टात फेटाळला गेला आणि अपिलातही हरला. ट्रेलरमधली दृश्यं सिनेमातलीच आहेत, मग फसवणूक कसली, असा कोर्टाचा सूर होता. गाड्या होत्या, पाठलाग होता, रायन गॉसलिंगही होता. फक्त सिनेमात तो गाडीत बसून बराच वेळ काहीच बोलत नाही, आणि इतक्या लांब शांततेला ट्रेलरमध्ये कुठे जागा असते?